फिटलेलं कर्ज, उरलेली देणी

भिलाईची गोष्ट नागपूरच्या संग्रहालयात सुरू झाली, असं म्हणायला हरकत नाही. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला दोराबजी टाटा मध्य प्रांताच्या अधिकाऱ्यांना भेटायला नागपुरात आले होते. चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाचा नाद आम्ही सोडतो आहोत, एवढंच सांगायचं होतं. भेटीला वेळ होता, म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे भूगर्भ खात्याचा एक नकाशा लावलेला होता आणि त्यात द्रुग (आजच्या दुर्ग) जिल्ह्यात लोहखनिजाच्या खुणा होत्या. त्या खुणांचा माग काढत टाटांचा अमेरिकी तज्ज्ञ वेल्ड दल्ली आणि राजहऱ्याच्या डोंगरांवर पोहोचला. दगड उत्तम होता, पण जवळपास कोळसा नव्हता आणि पुरेसं पाणीही नव्हतं. टाटा मयूरभंजकडे वळले, जमशेदपूर उभं राहिलं आणि दल्लीचे डोंगर आणखी पन्नास वर्षं हल्बा-गोंडांच्या गावांपुरते राहिले.

ते पन्नास वर्षांनी संपलं. २ फेब्रुवारी १९५५ रोजी दिल्लीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात दहा लाख टनांच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. लगेच पुढच्या महिन्यात जागा नक्की झाली: मुंबई-हावडा लोहमार्गावरचं भिलाई. दुर्ग जिल्ह्याचा कारभार तेव्हा नागपुरातून चालत होता. नागपूर ही त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि मुख्यमंत्री होते रविशंकर शुक्ल. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि राजधानी भोपाळला गेली. भिलाईच्या भूसंपादनाची घडी बसत होती ती या मधल्या काळात. विदर्भातल्या किती तरी घरांतला एखादा काका नंतर भिलाईच्या सेक्टरमध्ये राहायला गेला, तिथल्या महाराष्ट्र मंडळात गणपती बसवू लागला. पण त्या गावांच्या सातबाऱ्यावर शेवटचा मोठा फेरफार झाला तेव्हा सरकार नागपुरात होतं, हे आपल्याकडे फारसं कोणाच्या लक्षात नसतं.

कराराच्या अटी आज वाचल्या तरी सावकार दयाळू होता असंच वाटतं. कर्ज सुमारे ६४ कोटी रुपयांचं, व्याज अडीच टक्के, परतफेड बारा वार्षिक हप्त्यांत, तीही रुपयांत. त्या रुपयांतून सोव्हिएत संघ भारताचाच चहा, ताग, कातडी विकत घेणार होता, म्हणजे डॉलर शोधायची यातायात नव्हती. शेजारी राउरकेल्यात जर्मनांनी कारखाना उभा केला. त्याचं व्याज सहा टक्क्यांच्या वर होतं आणि मुदत थोडी. १९५७ मध्ये परकी चलनाची गंगाजळी आटली, १९५८ मध्ये जर्मनीला त्या देण्याचं पुनर्वित्त करून द्यावं लागलं आणि त्याच वर्षी जागतिक बँकेने भारताला कर्ज देणाऱ्या देशांचा मेळ बसवला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत कात्री लागली, पण पोलाद, कोळसा, रेल्वे आणि बंदरं हा योजनेचा गाभा मानला गेला आणि त्याला हात लावला गेला नाही. उपाशी राहू, पण भट्टी विझू देणार नाही, असा तो काळ होता. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली.

आता त्या कर्जात काय होतं ते पाहू. यंत्रं, आराखडे आणि तंत्रज्ञ. बाकीचं भारताने घालायचं होतं: जमीन, लोखंडाचा दगड, चुनखडी, पाणी, मजूर. कोणत्याही परकी मदतीच्या करारात हा यजमानाचा वाटा असतो आणि तो असणं रास्तच आहे. प्रश्न एवढाच, की ‘भारताने’ म्हणजे नेमकं कोणी घातलं? सोव्हिएत यंत्रांची किंमत कोपेकपर्यंत नोंदवली गेली. डोंगरांची किंमत नोंदवायची गरजच नव्हती, कारण कागदोपत्री ते आधीच सरकारचे झाले होते.

हे जरा थांबून पाहायला हवं, कारण सगळं इथेच अडलं आहे.

कारखान्याभोवतीची सपाटीवरची गावं प्रामुख्याने आदिवासींची नव्हती. तिथे साहू, कुर्मी, राऊत, सतनामी शेतकरी होते. गोंड होते, पण थोडे. त्यांच्या भाताच्या बांध्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतल्या गेल्या: बाजारभाव आणि वर पंधरा टक्के. ज्याच्या नावावर पट्टा, त्याला मुआवजा. जो अधियावर दुसऱ्याची शेती कसत होता, त्याच्या हाती काही पडलं नाही. सुरुवातीला कारखान्यातल्या नोकरीलाही स्थानिक माणूस बिचकत होता. भट्टीला नरबळी लागतो अशी वदंता गावोगाव पसरली होती. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईवर अनेक वर्षं काम केलं आहे आणि या वदंतेवर स्वतंत्र निबंधच लिहिला आहे. लोक बिचकले आणि नोकऱ्या बिहार, पंजाब, केरळ, आंध्र, महाराष्ट्रातून आलेल्यांनी पटकावल्या. स्थानिकांची भीड चेपली तोवर ‘परदेसिया’ आणि ‘छत्तीसगढिया’ अशी रेघ पडली होती, आणि ती आजही पुसलेली नाही. तरीही सपाटीवरच्या त्या शेतकऱ्याला निदान एक पावती मिळाली, आणि पुढे पुष्कळांच्या मुलांना कारखान्याची पक्की नोकरी, दवाखाना, शाळाही मिळाली. भिलाईची पक्की नोकरी ही छत्तीसगढात अजून लग्नाच्या बाजारातली मोठी जमेची बाजू आहे. भिलाईने काहीच दिलं नाही असं म्हणणारा माणूस भिलाईला गेलेला नसावा.

दल्ली-राजहऱ्याची तऱ्हा वेगळी. भिलाईपासून रेल्वेने ऐंशी-नव्वद किलोमीटर दक्षिणेला, आजच्या बालोद जिल्ह्यातला डोंडी विभाग. हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासींसाठी राखलेला प्रदेश. पूर्वी तो जमीनदारीचा मुलूख होता. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या संपल्या आणि जमीनदाराचं जंगल सरकारजमा झालं. लोकांना वाटलं जमीनदार गेला. डोंगराच्या दृष्टीने मालक बदलला, एवढंच. गावकऱ्यांना तिथून सरपण, बांबू, महुआ, तेंदू आणायची मुभा होती, तिला निस्तार म्हणत. विदर्भातल्या जुन्या माणसांना निस्तारपत्रक माहीत असेल; ते याच मध्य प्रांताच्या व्यवस्थेचं. पण निस्तार ही सरकारच्या लेखी सवलत होती. जमीनदारी जाऊन चार वर्षं होतात न होतात तोच भिलाईला दगड हवा होता. सरकारचाच डोंगर सरकारच्याच कारखान्याला दिला, त्यात संपादन कसलं? संपादन नाही, म्हणून मोबदला नाही. मोबदला नाही, म्हणून यादी नाही. दल्लीच्या डोंगरांवर कोणाकोणाचं पोट होतं हे सांगणारा सरकारी कागद म्हणूनच आज सापडायला इतका कठीण.

डोंगर गेले आणि त्यांच्यावर जगणारी माणसं त्याच डोंगरांवर दगड फोडायला लागली. पक्के कामगार यंत्रांच्या खाणीत, ठेकेदाराचे मजूर हाताने फोडायच्या खाणीत. आणि ठेक्यावरच्या मजुरांत आदिवासी आणि स्त्रिया मोठ्या संख्येने. १९७७ च्या उन्हाळ्यात या मजुरांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला आणि शंकर गुहा नियोगी यांना नेता म्हणून आणलं. मागण्या ऐकून आज संकोच वाटेल: काम नसेल त्या दिवसाची काही तरी मजुरी, आणि पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला बांबू-बल्ल्यांचा भत्ता. ज्या डोंगरातून बांबू निस्तारात मिळायचा, तिथल्याच लोकांना बांबूसाठी भत्ता मागावा लागत होता. २ आणि ३ जून १९७७ ला पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि अकरा जण मेले. त्यांच्या नावाने मजुरांनी वर्गणी आणि अंगमेहनत घालून बांधलेलं शहीद रुग्णालय १९८३ पासून आजतागायत चालू आहे. पुढे कारखान्याने खाणींच्या पूर्ण यांत्रिकीकरणाचा बेत आखला, तेव्हा संघाने अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्याय आकडेमोडीसह मांडला: यंत्र हवं तिथे यंत्र, हात पुरतात तिथे हात. तो काही काळ चाललाही. कर्ज काढून माणसं कमी करायची यंत्रं आणायची का, हा प्रश्न विचारणारी कामगार संघटना आपल्या देशात विरळाच.

नियोगींच्या संघाने छत्तीसगढला वीर नारायण सिंह नव्याने आठवून दिले, ही एक जाता जाता सांगायची गोष्ट. सोनाखानचे हे बिंझवार जमीनदार. १८५६ च्या दुष्काळात त्यांनी सावकाराचं धान्याचं कोठार फोडून लोकांत वाटलं आणि १८५७ च्या डिसेंबरात रायपुरात त्यांना फाशी झाली. त्या सोनाखान परिसरातला बाघमारा हा सोन्याचा पट्टा २०१६ मध्ये लिलावात वेदांत कंपनीला गेला. देशातला सोन्याच्या खाणीचा तो पहिला लिलाव.

पाण्याची कथा थोडक्यात सांगतो, पण ती दल्लीइतकीच महत्त्वाची आहे. वेल्डला नडलेलं पाणी भिलाईला आधी तांदुल्याच्या तलावाने दिलं आणि नंतर महानदीवरच्या गंगरेल धरणाने. १९७२ मध्ये इंदिरा गांधींनी गंगरेलची कोनशिला बसवली, सत्तरीचं दशक सरता सरता धरण भरलं आणि ५२ गावं पाण्याखाली गेली. त्यांतल्या लोकांना २०२० मध्ये उच्च न्यायालयाकडून पुनर्वसनाचा आदेश मिळाला. कोनशिलेपासून मोजलं तर अठ्ठेचाळीस वर्षं. बुडालेल्या मुलखातली अंगारमोती देवी उचलून धरणाकाठी आणली गेली. दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी तिथे मडई भरते आणि त्या बावन्न गावांचे देव आपापल्या डांगा, म्हणजे देवकाठ्या, घेऊन येतात.

*

भिलाईत कर्ज आणि डोंगर यांचं नातं आडवळणाचं आहे. बस्तरच्या बैलाडिल्यात ते सरळ आहे. १९६० च्या करारानुसार जपानी पोलाद कंपन्यांना बैलाडिल्यातून दर वर्षी चाळीस लाख टन खनिज द्यायचं ठरलं. खाणीच्या यंत्रांसाठी जपानने पत दिली आणि ती फिटायची खनिजाच्याच निर्यातीतून. अनंतगिरीच्या घाटांतून बोगदे खोदत किरंदूल ते कोत्तवलसा लोहमार्ग टाकला गेला, १९६८ मध्ये खाण सुरू झाली. बस्तरच्या माणसाला या गाडीत बसून कुठे जायचं नव्हतं. गाडी दगडासाठी होती. जपानी भट्ट्यांनी दगड घेतला, हप्ता वळता झाला, आणि खनिज धुतल्यावरचा लाल चिखल शंखिनी-डंकिनी नद्यांत उतरला. तिकडे त्याला ‘लाल पानी’ म्हणतात. त्याच डोंगररांगेतल्या नंदराज पहाडासाठी जून २०१९ मध्ये हजारो आदिवासी किरंदूलला येऊन बसले. खाणीला संमती देणारा हिरोलीच्या ग्रामसभेचा २०१४ चा ठराव खोटा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि सरकारला चौकशी लावावी लागली.

इथे एक गोष्ट मान्य करूनच पुढे जायला हवं. केंद्र सरकारच्या आजच्या एकूण कर्जात परदेशी कर्जाचा वाटा अगदी थोडा आहे. बाकीचं आपण आपल्याकडूनच घेतलेलं: बँका, विमा, भविष्यनिर्वाह निधी. म्हणजे तुमची-माझी बचत. त्यामुळे ‘परका सावकार आदिवासींची जमीन गिळतो’ ही मांडणी सभेत टाळ्या मिळवते, पण पुरी पडत नाही. सरकारी तूट भरून काढायची निकड दिल्लीत निर्माण होते आणि रायपूर-मुंबईमार्गे डोंगरापर्यंत पोहोचते. सावकार देशी की विदेशी, याने डोंगराला फरक पडत नाही.

१९९१ मध्ये हे पहिल्यांदा उघड दिसलं. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे तारण गेलं, नाणेनिधीकडून कर्ज आलं, २४ जुलैला नवं औद्योगिक धोरण जाहीर झालं. आपल्याकडे या वर्षावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, ते मुंबई-पुण्याच्या चष्म्यातून. भिलाईचं १९९१ असं होतं: २८ सप्टेंबरच्या पहाटे झोपेत असलेल्या नियोगींवर खिडकीतून गोळी झाडली गेली. ते तेव्हा भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या ठेका मजुरांसाठी लढत होते. पुढच्या वर्षी, १ जुलै १९९२ ला, भिलाई पॉवरहाऊस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला आणि सोळा कामगार मारले गेले. १९९३ च्या खनिज धोरणाने लोहखनिजासह तेरा खनिजं खासगी भांडवलाला खुली केली. भिलाईची पक्की हजेरी ऐंशीच्या दशकात साठ हजारांच्या आसपास होती. तिचा आज लहानसा हिस्सा उरला आहे आणि बाकी काम ठेक्यावर चालतं. हे सगळं कर्जामुळे झालं असं मी म्हणणार नाही. नियोगींचा खून तर मुळीच नाही. त्याची कारणं स्थानिक होती आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण ज्या सरकारला कामगाराची आणि डोंगराची बाजू घ्यायची नव्हती, त्याला १९९१ नंतर ‘परिस्थितीच तशी आहे’ हे सांगता येऊ लागलं.

आणि सोव्हिएत संघाच्या एकूण देण्याचं काय झालं? १९९१ संपता संपता धनको देशच नकाशावरून गेला. तरी कर्ज गेलं नाही. जानेवारी १९९३ मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्तसिन दिल्लीला आले आणि एकूण रुबल-देण्यांचा, ज्यात मोठा भाग शस्त्रास्त्रांचा होता, नवा हिशेब मांडला गेला. ६३ टक्के रक्कम बारा वर्षांत फेडायची आणि उरलेले ३७ टक्के पंचेचाळीस वर्षांत, बिनव्याजी. म्हणजे जो देश उरला नाही त्याचंही देणं वारसाच्या नावावर लावून, व्याजाचा दर ठरवून, पुढच्या शतकातल्या हप्त्यांसकट नोंदवता येतं. इच्छा असली की नोंद किती काटेकोर होते, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. गंगरेलच्या लोकांना मात्र आपण इथे राहत होतो हे सिद्ध करायला अर्धं शतक लागलं.

*

तुटीचा खड्डा भरायला सरकारी कंपन्या विकायच्या, हे धोरण नव्वदीनंतर पक्कं होत गेलं आणि त्याची पहिली मोठी ठिणगी छत्तीसगढातच पडली. मार्च २००१ मध्ये कोरब्याच्या बाल्को या सरकारी ॲल्युमिनियम कंपनीचे ५१ टक्के भाग ५५१.५ कोटी रुपयांना स्टरलाइटला दिले गेले. राज्य जन्मून चार महिने झाले होते. मुख्यमंत्री अजित जोगी यांनी विरोध केला, कामगारांनी ६७ दिवस संप केला. आक्षेपांत एक आक्षेप जमिनीचा होता: अनुसूचित क्षेत्रातली जमीन सरकारी कंपनीला दिली ती लोकहितासाठी, कंपनीच खासगी झाली तर तो हस्तांतराचा चोरदरवाजा होत नाही का? चारच वर्षांपूर्वी, ११ जुलै १९९७ ला, सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातल्या ‘समता’ संस्थेच्या खटल्यात अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीनही खासगी कंपनीला खाणपट्ट्यावर देता येणार नाही, असं सांगितलं होतं. १० डिसेंबर २००१ च्या बाल्को निकालात न्यायालयाने आंध्रचा कायदा आणि मध्य प्रदेशचा जमीन महसूल कायदा वेगळे असल्याचं सांगत तो निकाल बाजूला ठेवला. आर्थिक धोरण ठरवणं हे सरकारचं काम, न्यायालयाचं नाही, असंही म्हटलं. निर्गुंतवणुकीच्या वकिलांना आजही हा निकाल तोंडपाठ असतो.

माझ्या मते कर्ज आणि आदिवासींची जमीन यांचा सांधा खरा इथे आहे. जमीन घेताना कारण ‘लोकहित’. मग लोकहिताची कंपनी होते. कंपनीचे भाग होतात. तूट वाढली की भाग विकायला निघतात. कोणत्याही एका पायरीवर जमीन विकली गेली, असं म्हणता येत नाही. शेवटच्या पायरीवर ती मात्र दुसऱ्याच्या हाती असते. भिलाई ज्या सेल या सरकारी पोलाद कंपनीचा भाग आहे तिच्यात सरकारचा वाटा आज ६५ टक्के आहे. बस्तरमध्ये नगरनारच्या पोलाद कारखान्यासाठी गावांनी एनएमडीसीला, म्हणजे सरकारला, जमिनी दिल्या. कारखाना पुरता उभा राहण्याआधीच, २०१६ मध्ये, तो विकायचा तत्त्वतः निर्णय झाला. ३ ऑक्टोबर २०२३ ला पंतप्रधानांनी त्याचं लोकार्पण केलं, त्या दिवशी बस्तर बंद होता.

महाराष्ट्राने हे नर्मदेकाठी पाहिलं आहे, तेही जागतिक बँकेच्या पैशात. १९८५ मध्ये सरदार सरोवरासाठी बँकेने ४५ कोटी डॉलर मंजूर केले. अक्कलकुव्यातलं मणिबेली हे महाराष्ट्रातलं पहिलं बुडणारं गाव, आणि ते भिल्लांचं. त्यांच्या झगड्यामुळे बँकेला मोर्स समिती नेमावी लागली. जून १९९२ च्या अहवालात समितीने बँकेलाच मागे व्हायला सांगितलं. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. धरण थांबलं नाही. मात्र त्या धक्क्याने बँकेने त्याच वर्षी तपासणी मंडळ स्थापन केलं, आणि बँकेच्या पैशातल्या प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्यांना जगात कुठूनही तिथे तक्रार करता येऊ लागली. सातपुड्यातल्या एका पाड्याने एवढं केलं. उरल्या कर्जाला भारताने नकार दिला तरी उचललेलं फेडायचंच होतं. ते फेडलं गेलं. मणिबेलीच्या पुनर्वसनाची कागदपत्रं त्या वेगाने हलली नाहीत.

कर्जमाफीसुद्धा आदिवासींना विचारून होत नाही, याचं उदाहरण बोलिव्हियाचं. १९८७ मध्ये एका अमेरिकी संस्थेने बोलिव्हियाचं साडेसहा लाख डॉलरचं बुडीत कर्ज एक लाखात विकत घेऊन माफ केलं आणि बदल्यात बेनी भागातलं अफाट जंगल राखायचं वचन घेतलं. निसर्गाच्या बदल्यात कर्जमाफीचा जगातला हा पहिला सौदा. त्या जंगलात राहणाऱ्या चिमाने आणि इतर जमातींना कोणी विचारलं नव्हतं. काही भागात तर लाकूडतोडीच्या कंपन्यांना परवाने होते. १९९० मध्ये त्रिनिदाद शहरातून निघून, सहाशेहून जास्त किलोमीटर चालत, आदिवासी ला पाझच्या थंडीत पोहोचले आणि मगच त्यांच्या भूमीला सरकारी मान्यता मिळाली. मोर्च्याचं नाव होतं ‘भूमी आणि प्रतिष्ठेसाठी’.

*

दल्लीचा चांगला दगड संपत आला आहे. भिलाईच्या भट्ट्या आता रावघाटकडे पाहतात. नारायणपूर आणि कांकेर जिल्ह्यांच्या सीमेवरचा हा डोंगर राजाराव देवाचा, नाव त्याच्यावरूनच. रावघाटचा मोठा पट्टा भिलाईकडे आहे: ‘एफ’ ब्लॉक, सुमारे २,०२८ हेक्टर, त्यातलं ८८३ हेक्टर जंगल वळवायला २००९ मध्ये परवानगी मिळाली. दल्लीपासून रावघाटपर्यंत ९५ किलोमीटरचा लोहमार्ग निमलष्करी दलाच्या पहाऱ्यात टप्प्याटप्प्याने पुढे सरकत गेला; अंतागढला गाडी २०२२ मध्ये पोहोचली. त्याच सुमाराला डोंगरातून खनिजाचे ट्रक निघू लागले आणि नारायणपूरच्या गावांनी ते अडवले. ग्रामसभेची संमती घेतली कुठे, हा त्यांचा प्रश्न.

हा प्रश्न १९५५ मध्ये विचारता येत नव्हता, आणि तेवढा फरक नक्की पडला आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आला, २००६ चा वनहक्क कायदा आला, १८ एप्रिल २०१३ ला ओडिशातल्या नियमगिरीबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने डोंगरावर देव आहे की नाही हे ठरवायचा अधिकार ग्रामसभेकडे दिला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये अठराशे हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळवला, तो देशात अगदी पहिल्यांपैकी. निस्तारच्या जुन्या नोंदी तिथे पुरावा म्हणून कामी आल्या. छत्तीसगढात धमतरीच्या जबर्र्याने २०१९ मध्ये पाच हजारांहून जास्त हेक्टर मिळवलं. पण मेंढ्यापासून फार लांब नसलेल्या सुरजागडला बघा. ठाकूरदेवाचा डोंगर, माडिया गोंडांचा मुलूख, २००७ चा ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा, आणि आज तिथून दिवसरात्र ट्रक वाहतात. कायदा एकच, जिल्हा एकच.

राज्य सरकारांचं गणितही समजून घ्यायला हवं. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांत राज्याचा महसूल संपतो, आणि ज्या राज्याकडे खनिज आहे त्याला स्वामित्वधन हा सर्वांत हुकमी पैसा वाटतो. २०१५ नंतर खाणी लिलावाने जाऊ लागल्या आणि हा पैसा वाढला. त्याच दुरुस्तीने जिल्हा खनिज निधी आला: जुन्या पट्ट्यांच्या स्वामित्वधनावर तीस टक्के, नव्या लिलावांवर दहा. कल्पना उत्तम होती. छत्तीसगढात या निधीच्या व्यवहारांची चौकशी सध्या अंमलबजावणी संचालनालय करत आहे, एवढं सांगितलं की पुरे.

जमीन परत मिळाल्याचं उदाहरण मला एकच ठळक आठवतं. बस्तरमधल्या लोहंडीगुड्यात टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी २००८ मध्ये दहा गावांतल्या १,७०७ खातेदारांची जमीन घेतली होती. कारखाना झाला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये नव्या राज्य सरकारने ती परत केली. तिथे कारखाना उभा राहिला नव्हता, म्हणून हे सोपं होतं.

जिथे खाण झाली, चालली आणि आता संपते आहे, तिथलं काय? दल्लीचे खड्डे बुजवायचे, झाडं लावायची, हे खाण बंद करण्याच्या आराखड्यात येतं. निस्तार परत द्यायचा, हे त्यात येत नाही. पण वनहक्क कायद्यात एक कलम आहे, ३(१)(म). १३ डिसेंबर २००५ पूर्वी ज्या आदिवासींना पुनर्वसन न देता बेकायदा हुसकलं गेलं, त्यांना पर्यायी जमिनीसह हक्क मागता येतो. कलम ४(८) त्याहून पुढे जाऊन विकासकामांसाठी मोबदल्याविना विस्थापित झालेल्यांचं नाव घेतं; घेतलेली जमीन पाच वर्षांत त्या कामी वापरली गेली नसेल, तर ती मागण्याची वाट त्यात आहे. देशभरात या कलमांखाली फार थोडे दावे दाखल होतात. दावा करायला मोठा वकील लागत नाही. गावाची वनहक्क समिती, मग उपविभाग, मग जिल्हा. पुरावा म्हणून जुनं निस्तारपत्रक चालतं, आणि नियम १३ नुसार दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदनही चालतं. दल्लीचा डोंगर फुटण्याआधीचा ज्यांनी पाहिला, त्यांतली जी हयात आहेत ती आता पंचाहत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांची निवेदनं लिहून घ्यायची तर ती याच वर्षा-दोन वर्षांत घ्यावी लागतील.